वाईच्या घाटावर दोन दिवस



मे महिना उजाडला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो, ‘यंदा कुठं जायचं?’ पूर्वी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असे. निकाल लागला की मामाचं गाव. आता मामाच डोंबिवलीत राहायला आला आहे, आणि रोज लोकलला लोंबकळून तोही थकला आहे. त्यामुळे उत्तर आपल्यालाच शोधावं लागतं. मग महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा ही नावं पुढे येतात. शनिवारी पहाटे निघायचं, घाटात गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं, सात ‘पॉइंट’ बघायचे, प्रत्येक ठिकाणी फोटो काढायचे आणि रविवारी मध्यरात्री घरी परतायचं. सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी विचारलं, ‘कशी झाली सहल?’ तर आपण म्हणतो, ‘छान झाली, पण आता दोन दिवस विश्रांती पाहिजे.’

विश्रांतीसाठी गेलो होतो आणि विश्रांती तेवढी राहून गेली! आज मला बोलायचं आहे ते या राहून गेलेल्या गोष्टीविषयी. त्यासाठी मी एक गाव निवडलं आहे. ते डोंगरमाथ्यावर नाही, डोंगराच्या पायथ्याशी आहे. कृष्णेकाठचं वाई.

तुम्ही म्हणाल, उन्हाळ्यात वाई? तिथं तर ऊन असतं. असतंच. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा अडतीसच्या आसपास जातो. पण आपल्या ठाण्याचा उकाडा आणि वाईचं ऊन यांत फरक आहे. आपल्याकडे पारा चौतीस-पस्तीसच दाखवतो, पण खाडीवरची हवा दमट. घाम येतो आणि तो अंगावरच राहतो, वाळत नाही. घाम वाळला तर अंग थंड होतं, न वाळला तर नुसती चिकचिक. वाईची उन्हाळी हवा कोरडी असते. तिथं झाडाखाली किंवा जुन्या घराच्या ओसरीवर बसलात की सावलीला सावलीचा गुण असतो. आणि कोरडी हवा रात्री लवकर निवते. दिवसभर तापलेल्या गावात पहाटे अंगावर पातळ चादर ओढून घ्यावीशी वाटते. ठाण्यात मे महिन्यात चादर कपाटातून बाहेर येत नाही.

हवा अशी का, हेही समजून घेण्यासारखं आहे. समुद्रावरून येणारे पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथंच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत तो हजार मिलिमीटरसुद्धा होत नाही. आणखी पूर्वेला माण-खटावकडे गेलात तर तो एवढा आटतो की दुष्काळ हा शब्द त्या तालुक्यांच्या नावाला चिकटूनच बसला आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून शिकलो. त्या छायेच्या उंबरठ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर वाई बसली आहे. जमीन कोरडी, पण मधून वाहणारी नदी मात्र भरल्या डोंगरातून आलेली. वाईची सारी गोडी या जोडीत आहे.

माझी एक भाची अमेरिकेत ओरेगॉन राज्यात पोर्टलँडला असते. तिला मी फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, ‘मावशी, आमच्याकडे अगदी असंच आहे.’ त्यांच्याकडे कॅस्केड नावाची पर्वतरांग आहे. तिच्या पश्चिमेला पाऊस आणि हिरवंगार रान, पूर्वेला उंचावरचा रुक्ष, वाळवंटी माळ. त्या माळावर डेशूट्स नदीकाठी बेंड नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात पोर्टलँडची माणसं अडीचशे किलोमीटर गाडी हाकत, पर्वत ओलांडून त्या गावी जातात आणि हवा भरलेल्या ट्यूबवर बसून नदीत निवांत तरंगत राहतात. ठाण्याहून वाई साधारण तेवढीच दूर, आणि मधे पर्वतही आहे. माणूस कुठलाही असो, ओल्या गर्दीतून सुटून कोरड्या हवेतल्या नदीकाठी बसावं, ही ओढ सारखीच दिसते.

आता बेत कसा आखायचा ते सांगते. पहिला नियम असा की आपल्यात सगळ्यात सावकाश चालणारं माणूस कोण, ते आधी ठरवायचं आणि बेत त्याच्या पावलांनी आखायचा. आमच्या घरी ते माणूस म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण गेलो होतो. अण्णा, सासूबाई, माझा नवरा, मी आणि नुकतीच बारावी झालेली आमची मुलगी. जूननंतर ती शिकायला बाहेरगावी जाणार होती. पाचही जण एका घरात असण्याचा हा शेवटचा उन्हाळा, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

नवऱ्यानं अकरा ठिकाणांची यादी केली होती. वाई, मेणवली, धोम, पांचगणी, महाबळेश्वर, सातारा, लिंबची बारा मोटेची विहीर... मी ती वाचली आणि अण्णांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचली आणि विचारलं, ‘यात बसायचं कुठं?’ त्यानंतर यादीत तीन नावं राहिली.

दुसरा नियम: अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण. दोन दिवसांचे चार अर्धे होतात. त्यातला एक जाण्याचा आणि एक येण्याचा. उरले दोन. सकाळी अकरानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी उन्हात पाऊल टाकायचं नाही. ती वेळ जेवण, झोप, पत्ते आणि पुस्तक यांची. हा वेळ वाया जात नाही, मंडळी. आपण जातो तो त्याच्यासाठीच.

तिसरा नियम बायकांच्या बाजूचा आहे. सहलीला गेल्यावर घरातल्या बाईलाही सुट्टी हवी. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत पुऱ्या लाटायच्या, तिथं गेल्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मोजायच्या, परतल्यावर धुण्याचा ढीग उपसायचा, याला सुट्टी कसं म्हणायचं? आम्ही कामं वाटून घेतली. पिशव्या भरणं मुलीकडे, औषधांचा डबा अण्णांकडे, पाणी आणि हिशेब नवऱ्याकडे. जेवण तिथंच, साधं. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, ताक. माझ्याकडे काय होतं? माझ्याकडे एक कादंबरी होती.

जायचं कसं? स्वतःची गाडी असेल तर द्रुतगती मार्गानं पुणे, मग सातारा रस्ता, खंबाटकी घाट उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. पहाटे पाचला ठाणं सोडलं तर ऊन चढायच्या आत पोचता. गाडी नसेल तर एसटी आहेच. नाहीतर कल्याणहून सकाळच्या गाडीनं पुणं गाठायचं आणि स्वारगेटहून वाईची एसटी धरायची. २०२२ सालापासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं. आम्ही एसटीनं गेलो. खिडकीशी बसलेल्या अण्णांनी खंबाटकीत जो चेहरा केला, तो मोटारीत मागच्या सीटवर बसून झाला नसता.

राहण्यासाठी एकच अट ठेवा, नदी पायी गाठता आली पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरची खोली म्हाताऱ्या माणसांसाठी घेऊ नका. आणि खोली ठरवताना पाण्याची आणि दुपारच्या पंख्याची चौकशी करा, टीव्हीची नको.

आता गावाविषयी. वाईला दक्षिण काशी म्हणतात. कृष्णेच्या काठानं एकामागून एक दगडी घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. नावं नुसती वाचली तरी गावाची रचना कळते. आळी आहे तिथं तिचा घाट आहे. थंडी सरता सरता इथं कृष्णाबाईचा उत्सव होतो, आणि तोही एकेका घाटाचा पाळीपाळीनं. नदी गावाची आई, आणि प्रत्येक आळीनं तिला आपापल्या घरी माहेरपणाला बोलवायचं, असा थाट.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपती बसला आहे. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाई या रास्त्यांच्याच माहेरवाशीण. मूर्ती एका अखंड दगडातली, प्रचंड, म्हणून लाडानं ढोल्या. पण दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला जायला विसरू नका. मागची भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकाराची निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची. अडीचशेहून अधिक वर्षं ते देऊळ नदीच्या तोंडाशी उभं आहे ते या शहाणपणावर. जवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळ्या दगडाचा नंदी बघा. सकाळी सहा ते साडेआठ हा वेळ यासाठी. दगड तापलेले नसतात, घाटावर धुणी आपटल्याचा आवाज असतो आणि गर्दी नसते.

दुसरं ठिकाण मेणवली, वाईपासून तीन-एक किलोमीटरवर. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा नदीचा घाट. वाडा खाजगी मालकीचा आहे, म्हणून आत जाण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. हिंदी सिनेमा पाहणाऱ्यांना घाट ओळखीचा वाटेल, २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथं झालं होतं. पण ठाणेकरांनी पाहायची ती तिथली घंटा. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शंकराच्या दारात ही कशी आली? तर १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या वेळच्या घंटांपैकी ही एक, असं सांगितलं जातं. त्याआधी दोन वर्षं, १७३७ साली, याच मोहिमेत आपलं ठाणं मराठ्यांकडे आलं होतं. म्हणजे आपल्या खाडीकाठची ही घंटा आपल्याही आधी घाट चढून विश्रांतीला येऊन बसली आहे! तिला वाजवण्याची घाई करू नये, नुसतं पाहावं.

तिसरं, धोम. कृष्णेवरचं धरण आणि गावातलं नृसिंहाचं जुनं देऊळ. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवला आहे आणि भोवती पाण्याचं कुंड. लहान मुलांना हे फार आवडतं. मात्र धरण नुसतं मावळतीच्या वेळी लांबून पाहण्याचं.

वाईचं आणखी एक अंग आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. हे वाचणाऱ्या माणसांचं गाव आहे. नारायणशास्त्री मराठे यांनी उभी केलेली प्राज्ञपाठशाळा इथली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, आणि त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुणे सोडून या तालुक्याच्या गावी आलं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आपल्या ग्रंथालयात जे जाडजूड वीस खंड दिसतात, त्यांच्या नोंदी या नदीकाठी बसून घासूनपुसून घेतल्या गेल्या. मे महिन्यात लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालयाची वसंत व्याख्यानमाला असते. आपला मुक्काम आणि एखादं व्याख्यान जुळून आलं तर संध्याकाळी जाऊन बसा. बाहेरगावच्या माणसाला गाव खरं भेटतं ते अशा ठिकाणी, गावकऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर.

याच प्राज्ञपाठशाळेत १९१७ साली एक तरुण आला होता, तोही रजा घेऊन. गांधीजींच्या अहमदाबादच्या आश्रमातून त्यानं वर्षभराची रजा घेतली होती. प्रकृती सुधारावी आणि शास्त्रांचा अभ्यास व्हावा म्हणून. ते विनोबा भावे. त्यांची रजा कशी होती? उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकायची, मैलोगणती चालायचं, सूर्यनमस्कार घालायचे, जात्यावर दळायचं, आणि लोकांना गीता शिकवायची. आणि वर्ष भरताच ठरल्या दिवशी आश्रमात हजर! आपल्याला एवढं झेपणार नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. रजेत काय करायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. ‘लोक काय काय बघून येतात’ या यादीवरून त्यांनी वाईचं वर्ष काढलं नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही घाटावर जाऊन बसलो. अण्णा मधल्या पायरीवर, नात त्यांच्या शेजारी. पाणी उथळ होतं, पण वाहतं होतं. समोरच्या काठावर पोरं डुंबत होती. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग मुलीनं सहज विचारलं, ‘आजोबा, तुम्ही सुट्टीत कुठं जायचात?’

अण्णांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. ते थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, ‘रजा घेतली, पण लग्नाला नाहीतर तेराव्याला. नुसतं बसायला म्हणून घेतलेली ही पहिलीच.’

सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आणि माझी?’ एवढंच. त्यात तक्रार नव्हती, पण त्या दोन शब्दांनंतर माझा नवरा उठला, आईच्या मागच्या पायरीवर जाऊन बसला आणि ‘टेक’ म्हणाला. त्या त्याच्या गुडघ्याला पाठ टेकून अंधार पडेपर्यंत बसल्या. मुलीनं फोटो काढला नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘हललं असतं सगळं.’

श्रोतेहो, त्या दोन दिवसांत आम्ही तीनही ठिकाणं पाहिली नाहीत. धोम राहिलं. मात्र अण्णा नातीशी त्या दोन दिवसांत जेवढं बोलले तेवढं गेल्या पाच वर्षांत बोलले नसतील. कारखान्यातला संप, डोंबिवलीत पहिली खोली घेतली तेव्हाचं पागडीचं गणित, सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं तो दिवस. घरात हे सगळं बोलायला मज्जाव होता का? मुळीच नाही. पण घरात टीव्ही असतो, दाराची बेल असते, कुकरच्या शिट्ट्या असतात, साडेसातची गाडी असते. बोलणं निघायला आधी थोडा वेळ रिकामा जावा लागतो, आणि रिकामा वेळ आपल्या घरात टिकत नाही.

जाता जाता काही गोष्टी सावधगिरीच्या. उन्हाळ्यात वाईच्या घाटाशी किती पाणी असेल हे धोमच्या धरणातून किती सोडलं आहे त्यावर ठरतं. भरलेल्या नदीचं चित्र मनात घेऊन जाल तर हिरमोड होईल. आहे त्या पाण्याशी मैत्री करा. पाण्यात उतरायचं तर घोट्यापर्यंत. डोह कुठं आहे आणि पाणी कधी वाढतं हे गावच्या माणसाला विचारल्याशिवाय मुलांना सोडू नका, आणि धरणाच्या पाण्यात तर मुळीच नाही. टोपी, पाण्याची बाटली, साखर-मिठाची पुडी जवळ असू द्या. दुपारी पांडवगड चढण्याचा हट्ट थंडीपर्यंत पुढे ढकला.

आणि एक विनंती. आपण ज्याला सहलीचं ठिकाण म्हणतो ते कुणाचं तरी राहतं गाव असतं. घाटावर धुणं धुणाऱ्या बाईचा फोटो तिला न विचारता काढू नये. निर्माल्य, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या नदीत टाकू नयेत. आपल्या उल्हास नदीचं आणि ठाण्याच्या खाडीचं काय झालं ते आपण रोज लोकलच्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे हे सांगण्याचा आणि ऐकण्याचा अधिकार आपल्याइतका कुणालाच नाही. येताना वाईची हळद घ्या, साताऱ्याचे कंदी पेढे घ्या, हंगाम असेल तर वाटेवर करवंदं विकणाऱ्या बाईकडून द्रोणभर करवंदं घ्या. गावानं आपल्याला दोन दिवस सावली दिली, त्याची थोडी परतफेड होते.

वाईच हवी असंही नाही. कुणी पैठणला गोदाकाठी जाईल, कुणी आणखी कुठं. नदी असावी, बसायला पायरी असावी, आणि घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला तिथवर जाता यावं. एवढं जुळलं की बेत झाला. बाकी यादी अण्णांच्या हातात द्या आणि त्यांचाच प्रश्न स्वतःला विचारा, ‘यात बसायचं कुठं?’